हातच्याची वजाबाकी

रोज संध्याकाळी सहाला हेर एबरवाइन काउंटर उघडतात.
काउंटर म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल.
काच नाही, पण बोलतात काचेआडून,
जरा वाकून, जरा मोठ्यानं.
मी खाते क्रमांक सांगते : माझ्या आईचा फोन नंबर.
ते अंगठा जिभेला लावून बटणं मोजतात.
बटणांना थुंकी कशाला, पण एकेचाळीस वर्षं
नोटा मोजलेला अंगठा ऐकत नाही.
अकरा बटणं. सही करा, बोझेनाबाई.
मी करते. रोजच्या रोज पगार देणारा
अख्ख्या हायलब्रॉनमधला हा एकच माणूस.

खरा पगार त्यांचा मुलगा फोल्कमार देतो, महिनाअखेर.
एजन्सी तिचा वाटा कापते, उरतात त्यातले चारशे
सुवाउकीजवळच्या आमच्या गावी जातात, यागोदाला.
यागोदा माझ्या आईला न्हाऊ घालते,
गॅस बंद आहे ना, तीनदा बघते.
त्या वेळात तिच्या सासूला कोण बघतं
मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.
शाळेत शिकवलंच होतं की :
वरचा आकडा पुरत नसला
तर शेजारच्या घरातून एक उसना घ्यायचा.
त्या घरात एक कमी, हे लक्षात ठेवायचं,
लहानसं, पेन्सिलीनं, वरच्या कोपऱ्यात.

मार्चमध्ये विम्याच्या बाई आल्या, श्रेणी ठरवायला.
श्रेणी वाढली तर पैसे वाढणार,
म्हणजे रविवारी कुणी दुसरी, आणि मी झोपणार.
फोल्कमारनं वही भरून आणली होती :
रात्री किती वेळा उठतात,
चपला फ्रिजमध्ये,
सहा वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोला फोन.

हेर एबरवाइननी सकाळी स्वतःहून टाय मागितला.
गाठ बसली, पहिल्या फटक्यात.
आज वार? ‘मंगळवार.’
महिना? ‘मार्च. तिमाहीअखेर, घाईचे दिवस.’
आंघोळ एकट्यानं करता? ‘का, तुम्ही नाही करत?’
मग त्यांनीच विचारलं, पैसे कुठे ठेवता,
आणि आठ हजारांवर साडेतीन टक्क्यांनी
दोन वर्षांचं चक्रवाढ व्याज तोंडी काढलं :
पाचशे एकोणसत्तर युरो, ऐंशी सेंट.
बाईंनी मोबाइलवर ताडून पाहिलं.
फोल्कमारनं वही मिटली.

दारात त्यांनी बाईंना कोट धरून दिला.
दार लागलं. वळून मला म्हणाले,
‘गर्दी संपली का?’
पँट ओली झाली होती.

पत्र आलं : श्रेणी तीच.
म्हणजे तो एक तास
आम्हाला वर्षाला अडीच हजारांना पडला.
‘अपील करू,’ फोल्कमार म्हणाला.
‘पण काय बोलले ना बाबा,’ असंही म्हणाला.
आधी कुठलं, ते मला आठवत नाही.

रविवारी आईला फोन. कोण? मी, बोझेना.
‘बोझेना जर्मनीत असते. पैसे पाठवते.
तू यागोदा आहेस, खोटं बोलू नकोस.’
मी म्हटलं, बरं.

माझ्या कोटाचं गळ्याशी असलेलं बटण
फेब्रुवारीपासून गायब.
रात्री पगार डब्यात परत ओतताना
एक ठेवून घेतलं, काळं, चार भोकांचं. शिवलं.

दुसऱ्या दिवशी सहाला त्यांनी रोकड मोजली.
पुन्हा मोजली.
‘एक कमी आहे.’
माझा हात गळ्याशी.
त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.
खणातली कात्री काढली, 
स्वतःच्या बाहीचं बटण कापलं, 
गल्ल्यात टाकलं.
‘तूट कॅशियरनं भरायची असते,’ म्हणाले.
‘पुढचे कोण?’