डावा पाय

अर्लिंगच्या बुटाचा साचा
मी मेपलच्या अख्ख्या ओंडक्यातून कोरला.
तेविसाव्या वर्षी आठ फूट एक इंच,
आणि अजून थांबायचं नाव नाही.
हाडं पुढे गेली, बाकीचा अर्लिंग मागे राहिला.
टाचेत खिळा घुसून आठवडा झाला
तरी त्याला पत्ता नाही;
मोजा उतरवला तेव्हा मीच मान फिरवली.
"पाय माझे फार लांब राहतात," तो म्हणाला,
"तिकडची पत्रं उशिरा येतात."

एप्रिलात स्कॅजिटच्या काठी
चिखलात उघडं पाऊल सापडलं.
सिएटलहून माणसं आली, प्लास्टर ओतलं,
सॅस्क्वाच, सॅस्क्वाच म्हणत
आपले बूट शेजारी ठेवून फोटो काढले.
मलाही बोलावलं :
तुझा जन्म पायांत गेला, सांग.

मी वाकलो.
डावी कड खोल, अंगठा फरफटलेला.
हातभर अंतरावर
काठीचं गोल भोक, पाण्यानं भरलेलं.
गार पाणी अजून कळतं का,
बघायला गेला असणार एकटाच, पहाटे.

असेल बुवा, मी म्हटलं,
आणि उठता उठता
त्या भोकावर पाय ठेवला.