जिथे टेकलं नाही

आमच्या प्रांताचं नावच मुळी खाणी. मिनास.
इथे कुणाला गाव विचारलं
तर माणूस आधी जमिनीखालचं सांगतो:
सोनं, लोखंड, पुष्कराज.
माझे वडील, वाल्दोमिरु, सांगायचे: शिसपेन्सिल.

इटापेसेरिकाच्या खाणीत एकतीस वर्षं.
संध्याकाळी घरी यायचे ते चकाकत,
काळे नव्हे, चकाकत,
नुकत्या ओढलेल्या मासळीसारखे,
आणि दाराच्या कडीवर, पेल्यावर, मिठाच्या बरणीवर
राखी बोटं उमटायची.
आई म्हणायची, पोरीच्या गणवेशाला हात नका लावू.
ते लावत नसत.

आता मी तेच काढते,
चिकटपट्टीनं.
चिमूटभर दगडाला पट्टी लावायची, ओढायची,
दुमडायची, परत ओढायची,
थराचे थर, थरांचे पापुद्रे,
शंभरदा वैतागल्यावर कुठे तरी एक सापडतो
एका अणूच्या जाडीचा.
शंभर भाग उजेड आला तर सव्वादोन ठेवून घेतो,
बाकीचा सोडतो,
जकातनाक्यावरच्या सज्जन कारकुनासारखा.

दुसरा पापुद्रा टंगस्टन आणि गंधकाचा.
हा जाड असताना मुका,
दोन थरांचा असला तर पुटपुटतो,
एकटा पडला की बोलायला लागतो.
हिरवा लेझर टाका, लाल उत्तर येतं.
आत काय होतं म्हणाल तर
एक इलेक्ट्रॉन वर उडतो,
मागे त्याची जागा रिकामी राहते,
आणि ती रिकामी जागाच त्याला धरून ठेवते.
दोघं एकमेकांभोवती जरा फिरतात
(जरा म्हणजे, ‘जरा’ म्हणायलाही वेळ पुरणार नाही)
मग तो परत पडतो
आणि पडताना उजेड सांडतो.

मंगळवारी रात्री एकावर एक ठेवले.
खाली टंगस्टन, वर ग्राफीन.
खिडकीबाहेर ऑगस्टचा सुका वारा,
पिवळ्या इपेची फुलं पार्किंगमधल्या गाड्यांवर.
लेझर लावला.
पडद्यावर काही नाही.

‘मेलं,’ म्हणाला ओनोफ्रे,
फडक्यातून कॉफी गाळता गाळता.

मेलं नव्हतं. टेकलं होतं.
सांडायच्या आधीच वरच्यानं
खालच्याचं सगळं ओंजळीत घेतलं होतं,
एवढ्या लवकर, की बाहेर सांगायला कुणी उरलं नाही.
जो मंद उजेड निसटला तो वर्णपटावर मांडला:
एकच रेघ.
एरवी तिच्या कुशीला एक बुटकं टेकाड असतं,
आगंतुक इलेक्ट्रॉन कडेवर घेऊन हिंडणाऱ्या जोड्यांचं.
ते नव्हतं.
टोक काढलेल्या पेन्सिलीनं ओढावी
तशी रेघ.

पण डाव्या कोपऱ्यात
एक ठिपका धगधगत होता.
केसाच्या जाडीत ऐंशी मावतील एवढा.
बुडबुडा. ठेवताना माझा हात हलला असणार,
दोघांच्या मध्ये हवा राहिली,
आणि तेवढ्या जागेत खालचा अजून बोलत होता,
मोठ्यानं, जसा कुणी नाही असं समजून बोलतात.

‘म्हणजे तुझी चूक तेवढी चमकते,’
ओनोफ्रेनं कप पुढे केला.
मी हसले. साखर जास्त होती.

रविवारी गावी गेले.
वडील मागच्या अंगणात भेंडीला पाणी घालत होते.
फोनवर नकाशा दाखवला: सगळा अंधार, एक ठिणगी.
शब्द कमी पडतात मला घरी,
तरी सांगितलं. हे तुमच्याच दगडाचं आहे, म्हटलं.
त्यांनी फोन लांब धरला, जवळ आणला.
‘आणि हे?’
तिथे टेकलं नाही, बाबा.

बराच वेळ बघत राहिले.
मग ठिपका मोठा करून बघायचा म्हणून
बोट पुढे केलं,
थांबले,
आणि आधी ते पँटला पुसलं.

खाण सोडून सहा वर्षं झाली.