येणे बाकी

भोसरीच्या शेडमध्ये, लेथच्या मागच्या खोलीत
तो बसायचा प्लास्टिकचं झाकण घालून.
काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं.
सत्त्याण्णव साली विद्वांसांनी लिहून दिलेला प्रोग्रॅम.
विद्वांस गेले. पासवर्ड त्यांच्या मुलीचं नाव,
हे फक्त मला ठाऊक, आणि पंखा अडला की
डाव्या कुशीवर द्यायची टिचकी.

नवा घेऊ, म्हणायचे मी दर दिवाळीला.
"चालतंय ना, बाई?" खिंवसराशेठ.
चालत होतं.
चालणाऱ्याचे पाय कोण बघतो.

गुरुवारी वीज जातेच आमच्याकडे.
त्या गुरुवारी ती आली, गेली, परत आली,
आणि डब्यातून आवाज
सुपारी कातरल्यासारखा.
कट्. कट्.

बुधवार पेठेतला पोरगा म्हणाला,
ही डिस्क माझ्या जन्माआधीची आहे, मावशी.
बॅकअप होता. अकरा फ्लॉपी,
त्यांवर विरघळून चिकटलेलं रबरबँड,
सातवीला बुरशी.

मग मी फोन घेऊन बसले.
सव्वीस वर्षं उधारी वसूल केलेली बाई
एकेकाला विचारत होते,
दादा, आमचं तुमच्याकडे किती निघतं हो?

कुणी म्हणालं, बघून सांगतो.
कुणी म्हणालं, मागेच नाही का दिलं?
शेठ समोर बसून
टोक असलेल्या पेन्सिलीला टोक काढत होते.

दिवेलागणीला थेरगावहून डांगटांचा फोन.
त्रेचाळीस हजार सहाशे बारा रुपये, पन्नास पैसे.
वहीत आहे, म्हणाले. शाईनं.

मी आकडा तळहातावर लिहिला,
कागद शोधण्याइतका
धीर नव्हता.