बारापर्यंत

साबणाच्या वडीएवढा काचेचा ठोकळा,
मध्ये खोलगट,
बाबांनी बँगोरच्या बाजारातून आणलेला.

सकाळी त्यावर पाण्याचे दोन थेंब.
पातं खळग्यात ठेवायचं, दोन बोटांनी दाबायचं
आणि मागेपुढे, मागेपुढे.
ईन, दाय, त्री, पेद्वार...
वेल्श आकडे मी शाळेत नाही शिकले.
एका बाजूला बारा. पातं उलटून पुन्हा बारा.

दिवसभर ते खाणीत पाटीच्या दगडाचे थर सोलायचे,
धार म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.
पाकिटाच्या आत पेन्सिलीच्या बारीक रेघा:
एकाच पात्याच्या नावावर एकशे शहाऐंशी दाढ्या.
इद्रिसमामा म्हणायचा, "इथेल, गाल झिजेल रे आधी."
आई काही म्हणायची नाही.
रविवारी चॅपलला निघताना
त्यांच्या हनुवटीवरून उलटा हात फिरवायची, बस.

ते गेले तेव्हा
प्रेताची तयारी करायला आलेल्या माणसानं पातं मागितलं.
आईनं कोरं पाकीट फोडलं,
निळा, मेणचट कागद.
"आज काटकसर नको."
मी दाराबाहेर. आत नुसती खरखर,
कुणी मोजत नव्हतं.

जुनं पातं माझ्या शिवणाच्या डब्यात असतं,
टाके उसवण्यापुरतं.
बोथट झालं की काच काढते, थेंब टाकते,
बारापर्यंत जाते, उलटते.

खळगा त्यांच्या बोटांचा.
माझी अजून
थोडी सरकतात त्यात.