मानेचा पट्टा

धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर, खोब्रागडे बाई
मानेच्या डाव्या बाजूला थरथरतं यंत्र टेकवतात.
"डोळे मिटा. हलू नका."
मी हलत नाही.
खिडकीतला कूलरच हलतो,
त्याची टपटप सरकत सरकत
दाराशी जाऊन थांबते.

यंत्र बंद. टपटप परत खिडकीत.

"मानेला वाटलं, आपण वळलो," बाई म्हणतात,
"कानानं तिचं खरं धरलं."

एकतीस वर्षं अजनीच्या यार्डात
डिसेंबरच्या धुक्यात नुसत्या शिट्टीवरून सांगायचो:
तीनवर माल, पाचवर सुटं इंजिन.
गणवीरचे कान, म्हणायचे सगळे.
कानाचं काय घेऊन बसलात!
बुटाखालची गिट्टी, कंबरेतला बाक,
कंदिलानं ओढलेला उजवा खांदा,
हे सगळे ऐकायचे.
नाव तेवढं कानाचं.

आता पट्टा.
शकुन मोरीतून हाक मारते,
मी देवळीकडं बघतो.
"अहो, तिकडं काय पाहून राहिले?"

"हलू नको," मी म्हणतो, "बोलत राहा,"
आणि वळू लागतो,
छातीसकट, पायांसकट, अख्खा,
लांब मालगाडी
सांधा बदलते तसा.