परतली, तर समजावं

ओउलू, फेब्रुवारी, उणे सत्तावीस.
विद्यापीठाच्या तळघरात मात्र घाम येतो,
कारण तिथे कुईक्का राहतो.
कुईक्का हा आमच्या तळ्यांवरचा पाणपक्षी,
आणि आमचा सर्व्हरही :
करडा, कपाटाएवढा,
पिठाच्या गिरणीसारखा घरघरणारा.

बाकीच्या हाका साध्या असतात.
प्रोग्रॅम कर्नलच्या दारावर थाप मारतो :
ही फाइल उघड, एवढं वाच, एवढं लिही.
आत जातो, काम करून घेतो,
पोस्टाच्या खिडकीवरून आल्यासारखा पावती घेऊन परततो.

ही एकच वेगळी.
मशीन जागं झालं की चार डीमन ओळीने येतात,
एकेक जण ही हाक मारतो, उंबरा ओलांडतो
आणि आतच राहतो.
बाहेरच्या यादीत नावापुढे लिहिलेलं दिसतं : झोपलाय.
झोपलेला नसतो. दार वाजायची वाट पाहत असतो.

मॅन्युअलमधल्या एका ओळीखाली मी पेन्सिलने रेघ ओढली आहे.
ही हाक सहसा परतत नाही.
परतलीच, तर कुणीतरी संकेत देऊन उठवलं,
नाहीतर काही चुकलं.

वर तिसऱ्या मजल्यावर ओत्सो
दलदलीतल्या मातीचे आकडे मागत असतो.
कोण तू, कोणती फाइल, कितव्या बाइटपासून,
दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगायचं.
कुईक्का कुणाला ओळख देत नाही.
सकाळपासून हजारदा आलेला ओत्सोही त्याला परका.
मला हा कोरडेपणा वाटायचा.
मग एका रात्री तळघरातला फ्यूज उडाला.
ओत्सोच्या पडद्यावर एक ओळ उमटली :
सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे.
तो कॉफी प्यायला गेला, मी टॉर्च घेऊन खाली.
वीस मिनिटांनी कुईक्का उठला
आणि आकडा जिथे तुटला होता तिथूनच पुढे,
ना माफी, ना 'कुठे होतो आपण?'
ज्याला काही आठवत नाही
त्याला मरून उठणं जड जात नाही.

नाताळात मी त्या कपाटावर
तांदळाच्या लापशीची वाटी ठेवते, वर लोण्याचा गोळा,
आई गोठ्यातल्या टोन्टूला ठेवायची तशी.
राखणदाराचं देणं राखणदाराला.
ओत्सो हसतो. लोणी तर मशीनच्या उबेनेच वितळतं, म्हणतो.
वितळेना का.

माझा भाऊ तायस्तो एकाहत्तर साली गोथेनबर्गला गेला,
मोटारींच्या कारखान्यात.
दर महिन्याला पैसे यायचे, पत्र नाही.
आई ताटावरून उठता उठता म्हणायची, गेला तो गेलाच.
मी म्हणायचे, नाही गं, काम चालू आहे त्याचं.
बावीस वर्षं आम्ही दोघी आपापलं वाक्य सांभाळून होतो.

गेल्या ऑक्टोबरात तो आला.
बोटीने, मग आगगाडीने, हातात दोन बॅगा.
आईने वेलदोड्याचा पाव भाजला, शेजारपाजार जमला,
जो तो म्हणाला, आला बाई एकदाचा!
मी त्याची बॅग उचलली.
हलकी होती.
काही विचारलं नाही. ती ओळ मला पाठ होती.

हिवाळाभर तो खिडकीशी बसून बर्फ उपसणारी गाडी बघायचा,
येताना आणि जाताना.

आज त्याला तळघर दाखवायला आणलं.
चार डीमन, परत न येणारी हाक, सगळं सांगितलं.
त्याने ऐकलं की नाही कोण जाणे.
कपाटाला कान लावून उभा होता,
कानटोपी काढून, डोळे मिटून.
"डावीकडच्या पंख्याचं बेअरिंग जातंय," म्हणाला.
"महिनाभर टिकेल फार तर."

मी खण उघडला,
स्क्रूड्रायव्हर शोधला.
तोवर त्याने बाह्या सारल्या होत्या.