नऊ नंबरची जाळी

तळेवाडीच्या वर वीस जाळ्या बांधल्यात आम्ही,
मीटर बाय मीटर, गुडघ्याएवढ्या उंचीवर,
पान जमिनीला लागायच्या आत झेलायला.
दर पंधरवड्याला मी येते खानापूरहून,
पिशव्या, सुतळी, ताणकाटा घेऊन.
पुढं रवळू गुरव, कोयता कमरेला.

फॉर्मवर हे झाड ‘मत्ती’ आहे,
रवळूच्या तोंडी ‘ऐन’.
सुसरीच्या पाठीसारखी साल दोन्ही नावांखाली तीच.

वीतभर खणलं की जांभा लागतो,
लाल, भोकाभोकाचा,
पावसानं धुऊन धुऊन पोट खपाटीला गेलेला.
‘एवढं रान ह्याच्यावर उभं?’ मी पहिल्या दिवशी विचारलं.
रवळू म्हणाला, ‘ह्याच्यावर कुठलं ओ,
ते आपल्याआपल्यावरच उभं हाय.’

त्याच्या आज्यानं कुमरी केली होती.
तोडलं, वाळवलं, पेटवलं, राखेत नाचणी फेकली.
पहिल्या साली कणसं छातीला.
दुसऱ्या साली गुडघ्याला.
तिसऱ्या साली आज्जा नुसता उभा, उघड्या टेकावर.
जमिनीत काही नव्हतंच ठेवलेलं.
जे होतं ते वर होतं, खोडात, फांदीत, सालीत,
आणि जळून जे उरलं
ते दोन आषाढांत म्हादईनं उचललं.

माघात ऐन निष्पर्ण व्हायला लागतो.
पण पान असंच नाही सोडत.
आधी आतलं काढून घेतो,
नत्र, स्फुरद, पालाश,
पाहुण्याच्या हातातलं ताट काढावं तसं, न बोलता,
मग देठाशी दार ओढतो.
भट्टीत वाळवून मी तोलते:
हिरवं पान, पिवळं पान, मापानं सारखीच,
पिवळ्याचा काटा थोडा वर राहतो.
त्या थोड्यावर पुढच्या चैत्राची पालवी चालते.
चुना तेवढा त्याला मागं घेता येत नाही.
तो पानाबरोबर जातो, किंवा सालीत साचतो,
वर्षानुवर्षं.
रवळू ती साल जाळतो,
पांढरी राख बोटानं पानाला लावतो, वर सुपारी,
आणि तोलाईची वही माझ्यापुढं सरकवतो.

नऊ नंबरची जाळी मात्र गेले दोन महिने हलकी.
शेजारच्या आठला चारशे ग्रॅम, दहाला तीनशे नव्वद,
नऊला साठ.
वारा तपासला, उतार तपासला,
माकडांवर संशय घेतला,
धारवाडच्या सरांना लांबलचक मेल लिहिला.

मग एका सकाळी लवकर पोचलो,
तर जाळीत वाकलेली भरमाणी, रवळूची बायको,
डोक्यावर चुंबळ, पायाशी पाटी.
लाजली नाही. म्हणाली,
‘तरवा भाजायचाय. खालचा पाला गोळा केला की खडे येतात.
तुमच्या जाळीतला लई स्वच्छ असतोय बघा.’

रवळू झाडाकडं बघत राहिला.
मी फॉर्म उघडला.
रकाने होते: वारा, वाळवी, कुजणे, इतर.
‘इतर’मध्ये किती लिहायचं?
तिच्या पाटीचं वजन? राखेचं?
त्या तरव्यातल्या भाताचं, जे मी
मागल्या कार्तिकात त्यांच्या ओसरीवर
ताकाशी कालवून दोनदा मागून खाल्लं होतं?

पेन थांबलेलं बघून रवळू बाजूला थुंकला,
जांभ्यावर लाल, त्यात पांढरं.
‘आणि ह्यो चुना,’ म्हणाला,
‘ह्यो कुठल्या जाळीत धरायचा, बाई?’